लिली पार आणि हिशोबाची वही

आपल्या मंडळाचा वर्धापनदिन जवळ आला की संपादिकाबाईंचा निरोप येतो, आणि दर वर्षी मी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून पाठविते. जिजाऊसाहेब झाल्या, सावित्रीबाई झाल्या, रमाबाई रानडे झाल्या. यंदा मात्र मी एका इंग्रज फुटबॉल खेळणारीची हकीकत सांगणार आहे. काकूंना या वयात हे काय सुचले, असे कोणी म्हणेल. त्यांनी कृपा करून शेवटपर्यंत वाचावे, म्हणजे हा विषय आपल्या मंडळापासून वाटतो तितका लांब नाही, हे ध्यानात येईल.

सुचले ते नातीमुळे. २०२२ च्या ऑक्टोबरात नेरूळच्या स्टेडियमवर सतरा वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. स्पेनच्या मुलींनी कोलंबियाच्या मुलींना एका गोलाने हरविले. नात मला हट्टाने घेऊन गेली होती. परत येताना लोकलमध्ये तिने विचारले, “आजी, बायका फुटबॉल केव्हापासून खेळायला लागल्या गं?” मी बेधडक ठोकून दिले, “अलीकडेच. वीस-तीस वर्षे झाली असतील.” घरी येऊन पुस्तके चाळली तेव्हा कळले की आजीचे उत्तर साफ चुकले होते. बायकांचा सामना पाहावयास ५३,००० माणसे लोटली होती, तीही १९२० साली!

ती गोष्ट मुळापासून सांगते. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि इंग्लंडातील तरुण पुरुष रणांगणावर गेले. त्यांच्या जागी कारखान्यांत बायका उभ्या राहिल्या. लँकशायर परगण्यात प्रेस्टन म्हणून गाव आहे. तेथे ‘डिक, कर’ या कंपनीचा ट्रामगाड्या आणि रेल्वेचे सामान करणारा मोठा कारखाना होता. युद्धात तेथे तोफगोळे होऊ लागले. दिवसभर दारूगोळ्याचे जोखमीचे काम आणि जेवणाच्या सुट्टीत मोकळा श्वास घ्यावयास कारखान्याचे आवार. त्या आवारात मुली चेंडू लाथाडू लागल्या. तेथल्या पुरुष कामगारांशी थट्टामस्करी झाली, पैज लागली, आणि ग्रेस सिबर्ट नावाच्या कामगार बाईच्या पुढाकाराने मुलींचा संघच उभा राहिला. कचेरीतील आल्फ्रेड फ्रँकलंड या गृहस्थांनी संघाचा कारभार अंगावर घेतला.

१९१७ च्या नाताळच्या दिवशी या संघाचा पहिला मोठा सामना प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर झाला. मैदान फुकट मिळाले नव्हते. २० पौंड भाडे मोजावे लागले, हे वाचकभगिनींनी लक्षात ठेवावे. दुसऱ्या एका कारखान्याच्या मुलींवर यांनी चार गोलांनी विजय मिळविला. १०,००० प्रेक्षक जमले आणि जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी २०० पौंड उभे राहिले. आपण संक्रांतीला तिळगुळाचे लाडू विकून बालवाडीसाठी पैसे जमवितो, तोच हा मार्ग. फरक इतकाच की त्यांच्या हाती लाडवांऐवजी चेंडू होता.

आता आपली नायिका. लिली पार हिचा जन्म २६ एप्रिल १९०५ रोजी सेंट हेलेन्स या काचेच्या कारखान्यांच्या गावी झाला. वडील काचकामगार, घरात सात भावंडे. आईच्या हाताखाली शिवणटिपण शिकण्यापेक्षा लिलीला भावांबरोबर मैदानात धावणे गोड वाटे. भाऊ जे जे खेळत ते ते ती खेळे, आणि चेंडूला अशी लाथ हाणी की पोरे बाजूला सरत. चौदाव्या-पंधराव्या वर्षी ती गावच्या महिला संघातून खेळू लागली. प्रेस्टनच्या संघाशी सामना पडला तेव्हा फ्रँकलंडसाहेबांची नजर तिच्यावर गेली. त्यांनी तिला कारखान्यात काम आणि संघात जागा देऊ केली. १९२० साली लिली आपले बोचके घेऊन प्रेस्टनला आली आणि संघातल्याच एका मुलीच्या घरी राहिली.

सामन्यामागे खेळाडूला १० शिलिंग मिळत, म्हणजे अर्धा पौंड. त्याला पगार म्हणणे कठीण आहे. ज्या दिवशी सामना त्या दिवशी कामाचा खाडा, वर जाण्यायेण्याची दगदग. रोजावर जगणाऱ्या घरातल्या मुलीला तेवढे दिल्यावाचून ती येणार कशी?

लिली अंगाने थोराड, जवळजवळ सहा फूट उंच, केस काळेभोर. डाव्या बाजूने खेळे. डाव्या पायाचा तिचा फटका पुरुषांनाही भारी होता. एका धंदेवाईक पुरुष गोलरक्षकाने तिला डिवचले आणि तिचा फटका अडविताना त्याचा हात मोडला, अशी गोष्ट सांगतात. गोष्टीत तिखटमीठ किती ते देव जाणे. पण पहिल्याच हंगामात तिच्या नावावर ४३ गोल सांगितले जातात, आणि ते वय आपल्याकडे मुली दहावीच्या परीक्षेला बसतात ते.

त्या एका वर्षात काय काय घडले पाहा. १९२० च्या वसंतात फ्रान्सच्या मुलींचा संघ इंग्लंडात आला. डीपडेलवर त्यांच्याशी झालेल्या पहिल्या सामन्याला २५,००० लोक होते. पुढे प्रेस्टनच्या मुली फ्रान्सला जाऊन खेळून आल्या. डिसेंबरात बेकार झालेल्या माजी सैनिकांच्या मदतीसाठी रात्रीचा सामना ठरला. मैदानावर दिवे कोठले? शत्रूची विमाने हुडकणारे लष्कराचे दोन मोठे प्रकाशझोत मागितले. त्या वेळी विन्स्टन चर्चिल हे युद्धमंत्री होते. त्यांची परवानगी मिळाली. चेंडू अंधारात दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग फासला आणि १२,००० लोकांनी थंडीत उभे राहून तो सामना पाहिला.

त्यानंतर दहाच दिवसांनी, २६ डिसेंबर १९२० रोजी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर जो सामना झाला त्याने सर्वांवर कळस चढविला. समोर सेंट हेलेन्सच्या मुली होत्या, म्हणजे लिलीचेच माहेर. आत ५३,००० माणसे आणि जागा नाही म्हणून दाराबाहेर हजारो ताटकळलेली. संघाची मुख्य आघाडीची खेळाडू गाडी चुकल्यामुळे येऊ शकली नाही. तेव्हा उत्तरार्धात कर्णधार ॲलिस केल स्वतः पुढे खेळली आणि तिने तीन गोल केले. सामना ४-० असा जिंकला आणि धर्मादायासाठी ३,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली. इंग्लंडच्या भूमीवर महिलांच्या सामन्याला इतकी गर्दी पुन्हा व्हावयास २०१२ साल उजाडावे लागले. एक्याण्णव वर्षे! १९२१ साली तर या संघाने साठांहून अधिक सामने खेळले. नोकरी सांभाळून, शनिवारी आणि सुटीच्या दिवशी गावोगाव जाऊन या मुली इस्पितळांसाठी पैसा उभा करीत होत्या. त्या वर्षी कोळशाच्या खाणी बंद पडल्या आणि मजुरांच्या घरी चुली पेटेनात, तेव्हा खाणमजुरांच्या बायकापोरांसाठीही महिलांचे सामने झाले.

आणि मग ५ डिसेंबर १९२१ हा दिवस आला.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने त्या दिवशी एक ठराव केला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली अशी की फुटबॉल हा खेळ स्त्रियांना मुळीच योग्य नाही, त्यास उत्तेजन देऊ नये. दुसरी अशी की महिलांच्या सामन्यांतील उत्पन्नाचा फार मोठा भाग खर्चातच जातो आणि धर्मादायास पुरेसा पोचत नाही. म्हणून असोसिएशनच्या सर्व क्लबांनी आपली मैदाने महिलांच्या सामन्यांसाठी देऊ नयेत, असे सांगण्यात आले. त्या काळी इंग्लंडातील बहुतेक सगळी चांगली मैदाने याच क्लबांची होती. एका ठरावाने फाटक लागले ते पन्नास वर्षे लागलेलेच राहिले.

पहिल्या मुद्द्याला त्या वेळी डॉक्टरांचाही पाठिंबा मिळाला, आणि त्यात एक डॉक्टरीणबाई होत्या याचे मला फार नवल वाटले. त्यांचे नाव मेरी शार्लीब. या बाई आपल्या देशात राहून गेलेल्या. मद्रासच्या मेडिकल कॉलेजात, जेथे पूर्वी बायकांना प्रवेश नव्हता, तेथे त्या शिकल्या, आणि पडदानशीन स्त्रियांसाठी त्यांनी मद्रासला रुग्णालय काढले. आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर होण्याच्या आठ वर्षे आधी, १८७८ साली, यांचे मद्रासचे शिक्षण पुरे झाले होते. स्वतः एक दार उघडून आत गेलेली इतकी कर्तबगार बाई, पण फुटबॉल स्त्रीच्या शरीराला झेपणारा नाही असा कौल तिने दिला. आपण आपले दार उघडले म्हणून दुसरीचे दार आपल्याला दिसेलच असे नाही, हे यावरून कळते.

पण माझ्या जिव्हारी लागला तो दुसरा मुद्दा. खर्चाचा. येथे मला स्वतःविषयी थोडे लिहिले पाहिजे.

२०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरकडे महापूर आला. आपल्या मंडळाने आठ दिवसांत धान्य, चादरी, औषधे गोळा करून पाठविली. जुन्या भगिनींना ते आठवत असेल. त्यानंतरच्या सभेत खजिनदारबाईंनी जमाखर्च वाचून दाखविला. त्यात टेम्पोचे भाडे होते, चालकाच्या व बरोबर गेलेल्या चौघींच्या जेवणाचा खर्च होता. तेव्हा एक सभासद उठून म्हणाली, “सेवा म्हणता, मग भाडे आणि जेवणे कसली?” सभेत शांतता पसरली. खजिनदारबाईंनी सगळ्या पावत्या टेबलावर ठेवल्या, वही मिटली, आणि दिवाळीनंतर त्यांनी पद सोडले. ती उठून बोललेली सभासद मीच. पावत्या सगळ्या बरोबर होत्या. मी एकही उघडून पाहिली नाही.

हिशोब मागणे हा दोष नव्हे. लोकांचा पैसा हाती आला की पै-पैचा हिशोब दिलाच पाहिजे, यात दुमत नाही. लिलीच्या संघाचा कारभार फ्रँकलंडसाहेब पाहात, आणि असोसिएशनला वह्या तपासावयाच्या होत्या तर तपासून घ्याव्या, नियम घालून द्यावे, चुका निघाल्या तर दंड करावा. पण हिशोबाचे नाव पुढे करून मैदानच बंद करणे हा न्याय कुठला? खर्च अधिक होतो म्हणावयाचे, आणि ज्या मुलीचा रोज बुडाला तिच्या १० शिलिंगांकडे बोट दाखवावयाचे! २० पौंड भाडे घेणारे मैदान खर्चात धरावयाचे, आणि मग सेवेत कमी पडली म्हणून मुलींनाच बाहेर काढावयाचे! ठराव वाचताना मला आपल्या सभेतला माझाच आवाज ऐकू आला. सेवा फुकट होत नाही. कोणाचा तरी रोज बुडतो, कोणाच्या तरी चपला झिजतात, आणि टेम्पोला डिझेल लागते. ते लिहून ठेवणारी बाई ही प्रामाणिक बाई असते.

आता लिलीकडे परत जाऊ. बंदी आली तेव्हा ती अवघी सोळा वर्षांची होती. दुसरी एखादी रडून घरी बसली असती. त्याच महिन्यात महिलांच्या संघांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना उभी केली, पण मैदानांवाचून ती फार काळ टिकली नाही. १९२२ साली प्रेस्टनचा संघ जहाजाने कॅनडाला निघाला. तेथे उतरल्यावर कळले की तिकडच्या असोसिएशनचीही मनाई आहे. मग त्या खाली अमेरिकेत गेल्या. तेथे तोलाचे महिला संघ नव्हते, तर पुरुषांच्या संघांशी खेळल्या! काही सामने हरल्या, काही बरोबरीत सोडविले, काही जिंकल्याही.

परत आल्यावर लिलीने प्रेस्टनजवळच्या व्हिटिंगहॅम येथील मनोरुग्णालयात नोकरी धरली, परिचारिकेचे शिक्षण घेतले, आणि तेच तिचे आयुष्यभराचे काम झाले. पुढे कारखान्याच्या नव्या मालकांशी फ्रँकलंडसाहेबांचे बिनसले आणि १९२६ पासून संघ ‘प्रेस्टन लेडीज’ या नावाने खेळू लागला. कारखाना गेला, नाव गेले, मैदान तर आधीच गेलेले. खेळ तेवढा राहिला. सार्वजनिक बागांतून, रग्बीच्या मैदानांवर, जेथे जागा मिळेल तेथे त्या खेळल्या. पन्नास हजारांच्या जागी कधी दोन-तीन हजार, कधी त्याहूनही कमी. आठवडाभर रुग्णांची सेवा आणि सुटीच्या दिवशी बूट पिशवीत घालून गाडी पकडावयाची, असे तिने किती वर्षे केले असेल? १९५१ सालापर्यंत. म्हणजे बंदीनंतर जवळजवळ तीस वर्षे. मैदान सोडले तेव्हा तिने सेहेचाळिशी गाठली होती.

लोक तिच्या कारकिर्दीचे टप्पे सांगताना ५३,००० ची गर्दी सांगतात, ४३ गोल सांगतात. ते सांगावेच. पण माझ्या मते तिच्या आयुष्यातला सर्वांत मोठा टप्पा हा तीस वर्षांचा आहे, ज्यात टाळ्या थोड्या होत्या. गर्दीपुढे खेळणे अवघड खरे. पण फाटक लागल्यावर, कोणी बोलावीत नसता, त्याच तयारीने मैदानावर उभे राहणे त्याहून अवघड.

फ्रँकलंडसाहेब १९५७ साली वारले. त्यांच्यामागे कॅथ लॅथम या बाईंनी संघ चालविला, पण नव्या मुली मिळेनात आणि १९६५ साली संघ मोडला. अवघ्या पाच-सहा वर्षांनी, १९७०-७१ मध्ये, असोसिएशनने बंदी उठविली. लिलीने ते पाहिले एवढे समाधान. २४ मे १९७८ रोजी स्तनाच्या कर्करोगाने ती गेली. २००२ साली इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयाने थोर खेळाडूंची पहिली नामावली केली, तीत बाई एकटी लिलीच. ते संग्रहालय त्या वेळी कोठे होते? प्रेस्टनला, डीपडेल मैदानावर. ज्या मैदानाचे फाटक तिच्यावर बंद झाले त्याच मैदानावर तिचे नाव कोरले गेले. २००८ साली असोसिएशनने त्या जुन्या बंदीबद्दल माफी मागितली, आणि २०१९ साली मँचेस्टरला, जेथे आता ते संग्रहालय आहे, तिचा पुतळा बसविला. माफी आली तेव्हा लिलीला जाऊन तीस वर्षे झाली होती.

एक गोष्ट मात्र आता कोणाच्याने भरून निघणार नाही. लिलीने एकंदर गोल किती केले? नऊशेंहून अधिक असे म्हणतात, कोणी त्याहूनही मोठा आकडा सांगतात. पक्का आकडा नाही, कारण तिच्या सगळ्या सामन्यांची पूर्ण नोंद कोणी ठेवलीच नाही. जे खेळ असोसिएशन मानीत नव्हती त्यांचा दप्तरात उल्लेख कशाला होईल? आणि ज्या खेळत होत्या त्या सोमवारी सकाळी कामावर हजर होत होत्या. जमा आणि खर्च यांवरून ज्यांना बोल लागला, त्यांच्या कष्टाचा जमाखर्च कोणत्याच वहीत पूर्ण सापडत नाही.

म्हणून यंदा कपाट आवरताना आपल्या मंडळाच्या जुन्या वह्या सापडल्या तेव्हा मी त्या हातात घेऊन बसले. पहिल्या वर्षीची वर्गणी, चटईचे पैसे, कंदिलाचे रॉकेल, शिवणयंत्राचा हप्ता. कोण कोण आले, कोण कोण पहाटे उठून पापड लाटावयास बसले, त्यांची नावे. अक्षर वेडेवाकडे, पण प्रत्येक ओळ आहे. ज्या बायकांनी ते लिहिले त्यांना आपण इतिहास लिहितो आहोत असे स्वप्नातही वाटले नसेल. या वह्यांना नवी बांधणी करून त्या जपून ठेवाव्या अशी माझी कार्यकारिणीस विनंती आहे. बांधणीचा खर्च मी देईन आणि त्याची पावती घेईन.

दुसरी विनंती माझ्या त्या वेळच्या खजिनदारबाईंना. त्यांनी हे पान वाचले असेल तर त्यांना कळावे की तो प्रश्न मी सभेत विचारला होता, म्हणून त्याचे उत्तरही सर्वांच्या देखत देते आहे. बाई, तुमची वही बरोबर होती. भाडेही योग्य होते आणि जेवणेही. चूक माझी होती. वर्धापनदिनाला या.

नातीलाही तिच्या प्रश्नाचे उत्तर नव्याने दिले आहे. म्हटले, बायका फुटबॉल शंभर वर्षांहून अधिक काळ खेळतात, मध्ये फक्त मैदानाला कुलूप होते. ती म्हणाली, “मग कुलूप होतं तेव्हा त्या कुठे खेळायच्या?” मी म्हटले, “जिथे जागा मिळेल तिथे.” तिला त्यात काहीच विशेष वाटले नाही. ती स्वतः रोज तशीच खेळते.